हळू उडायचंय? आधी वजनकाटा काढा

मागच्या अंकात अलास्का आणि आयडाहोकडच्या बुश प्लेनबद्दल लिहिलं होतं, म्हणजे गॅरेजमध्ये किटपासून बांधलेली दोन सीटची विमानं जी नदीकाठच्या वाळूत नाहीतर डोंगरातल्या गवताच्या पट्टीवर उतरतात. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा रोख एकच, की हे विमान अजून हळू कसं उडवायचं. विमान किती हळू उडेल हे स्टॉल ठरवतो, म्हणजे ज्या वेगाखाली हवा पंख सोडते आणि पंख वजन उचलत नाही तो. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

प्रश्न (बॉइसी, आयडाहो): सर, मी आणि माझ्या मुलाने मिळून झेनिथ सीएच ७०१ बांधलंय, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस. पंखाच्या पुढे फिक्स्ड स्लॅट आहेत, म्हणजे फट ठेवून कायमची बसवलेली अरुंद पाती. फ्लॅप पूर्ण खाली घेतले की इंडिकेटरवर ताशी ३५ मैलांना स्टॉल होतं. पण क्रूझला, म्हणजे नेहमीच्या सपाट उड्डाणात, स्लॅटची ओढ फार जाणवते. इथले दोघंतिघं म्हणतात स्लॅट काढ आणि व्होर्टेक्स जनरेटर (व्हीजी, पंखावरची चिमुकली उभी पाती) चिकटव, स्टॉल तेवढाच राहतो आणि वेग वाढतो. करू का? आणि ३५ च्या खाली यायला आणखी काय करता येईल?

उत्तर: करता येतं, पण ते तिसऱ्या नंबरचं काम आहे. पहिल्या दोन कामांना खर्च फारसा नाही आणि बहुतेक लोक नेमकी तीच टाळतात.

पहिलं काम म्हणजे तो ३५ आकडा खरा आहे का ते बघा. नाक वर गेलं की वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवर हवा तिरकी येते, बाहेरचा दाब घेणाऱ्या स्टॅटिकच्या भोकापाशीही दाब बदलतो, आणि इंडिकेटर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतो. ताशी १०० मैलांना पाच मैलांची चूक असली तर कुणाचं काही अडत नाही, ३५ ला पाच मैल म्हणजे सातवा हिस्सा झाला. म्हणून पहाटे वारा पडलेला असताना वर जा, भरपूर उंची ठेवा, आणि स्टॉलच्या थोडा वर एकच इंडिकेटेड वेग धरून उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चारही दिशांना सरळ उडा. प्रत्येक वेळी जीपीएसचा ग्राउंडस्पीड मुलाला लिहून घ्यायला सांगा, चारांची सरासरी काढा म्हणजे वारा जवळजवळ वजा होतो. आता हा झाला ट्रू एअरस्पीड, हवेतला खरा वेग. ५,००० फुटांवर स्टँडर्ड दिवशी तो समुद्रसपाटीच्या हिशोबापेक्षा साधारण ८ टक्के जास्त येतो, तेवढा काढून टाका आणि मग इंडिकेटरशी ताडून बघा. ३५ दाखवतोय आणि खरा ४० निघाला तरी दचकू नका, असं होतंच. पण तो आकडा कागदावर आल्याशिवाय एकही बदल करू नका, कारण मग बदलाने फायदा झाला की नुसती पिटोची चूक वाढली हे कधीच कळणार नाही.

दुसरं काम वजन. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे वजन १० टक्के उतरलं तर स्टॉल ५ टक्केच उतरतो, आणि हे ऐकून लोक म्हणतात एवढ्यासाठी कोण झिजणार. पण टेकऑफची धाव बघा ना. वेगाच्या वर्गाने एकदा आणि ढकलायच्या वजनाने पुन्हा एकदा, असं दोन्हीकडून कमी होऊन १० टक्के वजनाला धाव जवळजवळ १९ टक्के कमी होते. उतरताना ब्रेकला जी ऊर्जा मारायची असते तीही तेवढीच कमी. दुसरा कुठलाही बदल एवढं सगळं एकदम देत नाही. तुमच्या विमानाची मर्यादा १,१०० पौंडांची, भरलेल्या दोन टाक्यांतलं २० गॅलन पेट्रोलच त्यात १२० पौंड खातं. पट्टीच्या आसपास सराव करायचाय तर अर्ध्या टाकीवर जा, ६० पौंड तिथेच गेले. मग विमान लेव्हल करून तिन्ही चाकांखाली काटे ठेवा आणि खरं रिकामं वजन काढा, किटच्या पुस्तकातलं नको. जाड गादी, दुसरी बॅटरी, सीटमागे कायमची पडलेली हत्यारांची पिशवी, रंगाचे जास्तीचे थर, हे सगळं काट्यावर दिसतं. काटे आलेच आहेत तर सीजीही (वजनाचा मध्य) नीट काढून घ्या. मर्यादेच्या आत राहून सीजी थोडा मागे असला तर शेपटीला खाली कमी दाबावं लागतं आणि स्टॉल किंचित उतरतो. पण मागच्या मर्यादेच्या पलीकडे एक इंचही जाऊ नका, तिथे स्पिन लागला, म्हणजे विमान गिरक्या घेत पडायला लागलं, तर बाहेर काढायला शेपटीतल्या एलिव्हेटरमध्ये जोर उरत नाही. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आता स्लॅट. ख्रिस हाइन्ट्झ यांनी १९८६ च्या सुमारास हे विमान काढलं तेव्हा सगळा डाव त्या स्लॅटवरच होता. स्लॅटच्या फटीतून जोरात आलेली हवा पंखाच्या पाठीला धरून राहते आणि पंख खूप जास्त कोनापर्यंत लिफ्ट देत राहतो. तुमचे मित्र म्हणतात तेही खरंच आहे. ७०१ सारखंच दिसणारं इटलीच्या आयसीपी कंपनीचं सव्हाना आधी स्लॅटवालं होतं, मग त्यांनी स्लॅट काढून व्हीजीवालं मॉडेल आणलं, आणि बऱ्याच ७०१ वाल्यांनी घरीच तसं केलं. क्रूझला थोडे मैल मिळतात आणि स्टॉलचा आकडा फारसा हलत नाही. पण आकडा न हलणं आणि विमान तसंच वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्लॅटवालं ७०१ स्टॉलला नाक टाकत नाही, नुसतं डुगडुगत खाली बसत जातं. स्लॅट काढले की स्टॉल कमी कोनावर येतो आणि जास्त स्पष्ट येतो, शिवाय उतरताना स्लॅटची जी ओढ ब्रेकसारखी उपयोगी पडत होती ती गेली म्हणजे अप्रोच (उतरायची वाट) लांबतो. तुमच्याकडे जॉन्सन क्रीकसारख्या दरीतल्या पट्ट्या आहेत, उंची जवळपास ४,९०० फूट, तिथे तिरका खोल अप्रोच हाताशी असणं मला तरी क्रूझच्या चार मैलांपेक्षा मोलाचं वाटतं. पण तुम्ही लांबलांब जात असाल तर हिशोब उलटा होईल, हे मान्य आहे.

काढायचेच ठरवलं तर शेपटी विसरू नका. ७०१ चा स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) उलट्या आकाराचा आहे, तो खाली ओढतो, म्हणजे त्याची हवा सुटते ती खालच्या बाजूने. म्हणून शेपटीचे व्हीजी खालच्या पृष्ठभागावर, एलिव्हेटरच्या बिजागरीच्या पुढे लावतात. पुढे दोघं बसलेत, सीजी पुढे आहे आणि फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) स्टिक पोटाला लागूनही नाक उचलत नाही, ही तक्रार बऱ्याचदा त्यानेच सुटते. खूप जणांना पंखावरच्या व्हीजीपेक्षा या छोट्या ओळीचा फरक जास्त जाणवतो.

आणि कागदपत्रं. तुमचं विमान एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट आहे, स्लॅट काढणं हा मेजर चेंज धरला जातो. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान खात्याच्या) तुमच्या भागातल्या ऑफिसला कळवायचं, विमान परत फेज वनमध्ये (चाचणीच्या टप्प्यात) न्यायचं, निदान पाच तास ठरलेल्या भागात एकट्याने टेस्ट करायची आणि नवे स्टॉल आणि क्लाइंबचे आकडे लॉगबुकात लिहायचे. मुलाला त्या पाच तासांत सोबत घेऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

प्रश्न (ह्यूस्टन): व्हीजी नेमके कुठे चिकटवायचे? नेटवर प्रत्येकजण वेगळं सांगतो.

उत्तर: प्रत्येकाचा पंख वेगळा म्हणून उत्तर वेगळं. व्हीजी म्हणजे चिमुकली उभी पाती, हवेच्या दिशेला साधारण १५ अंश तिरकी. पंखाच्या पाठीला चिकटून जी हवा मंदावलेली असते तिच्यात वरची जोरातली हवा हे पातं घुसळून आणतं, ताकात रवी फिरवावी तसं, म्हणून ती मंद हवा पंख सोडत नाही. त्यामुळे पाती हवा सुटायच्या जागेच्या पुढे हवीत, मागे लावली तर नुसतं ओझं. बहुतेक बुश प्लेनवर ती जागा पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या ७ ते १० टक्क्यांवर येते. सुरुवात तिथून करा.

पण तुमच्या पंखाला स्वतःला विचारा. लोकरीचे तीन-चार इंचाचे तुकडे कापा, गडद रंगाची लोकर घ्या म्हणजे पांढऱ्या पंखावर उठून दिसते, आणि पंखाच्या पाठीवर ओळीने टेपने चिकटवा, मुळापासून टोकापर्यंत, निदान डाव्या पंखावर तरी. कॅमेरा शेपटीवर नाहीतर केबिनच्या छतावर लावा. वर जाऊन हळूहळू स्टॉलकडे जा आणि घरी येऊन व्हिडिओ सावकाश बघा. चांगली हवा असेल तिथे लोकर मागे सरळ पडलेली असते, मग टोक थरथरायला लागतं, मग गोल फिरतं, आणि हवा सुटली की तुकडा चक्क उलटा होऊन पुढच्या कडेकडे तोंड करतो. तो उलटा होण्याचा क्रम बघायचा. मुळाशी मागच्या कडेपासून सुरू होऊन पुढे आणि बाहेर सरकला तर उत्तम, कारण टोकाकडे विमान कलवणारे एलेरॉन आहेत आणि ते शेवटपर्यंत जिवंत राहायला हवेत. टोक आधी उलटं झालं तर व्हीजी तिथे दाट लावा, मुळाशी विरळ ठेवा किंवा लावूच नका.

पहिल्यांदा दुहेरी टेपनेच लावा, पक्क्या गोंदाने नको. कागदाचं टेम्प्लेट कापून दोन्ही पंखांवर तेच वापरा, एका बाजूला ओळ थोडी मागेपुढे झाली तरी स्टॉलला तो पंख आधी पडतो. आणि थंडीत उत्तरेकडे नेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, पंखाची कव्हरं आणि बर्फ झाडायचा झाडू दोन्ही व्हीजीला अडकतात आणि ते उपटतात, म्हणून सगळे व्हीजी जागेवर आहेत का ते मोजून मगच निघायचं. पंखावर दव गोठून खरखरीत थर आला असेल तर व्हीजी असोत नसोत, तो पूर्ण काढल्याशिवाय उडायचं नाही.

प्रश्न (पुणे, एरोनॉटिकलचा विद्यार्थी): अलास्कात व्हाल्डेझच्या स्पर्धेत विमानं दहा फुटांत थांबतात असे व्हिडिओ पाहिले. हे खरं आहे का? आणि हळू उडायला पॉवर जास्त का लागते, कमी का नाही?

उत्तर: खरं आहे. व्हाल्डेझला दर मे महिन्यात ही स्पर्धा होते आणि २०१८ साली डॅन रेनॉल्ड्स यांनी ९ फूट ५ इंचांत विमान उभं केलं होतं. पण बघताना तीन गोष्टी बघ. विमानं शक्य तेवढी हलकी केलेली असतात, पेट्रोल अगदी लागेल तेवढंच. दुसरं म्हणजे समोरचा वारा. विमान ताशी ३० मैलांना उतरतंय आणि समोरून २० चा वारा आहे तर जमिनीवर वेग राहिला १० मैल, आणि थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने जातं म्हणजे वारा नसताना लागलं असतं त्याच्या नववा हिस्सा. तिसरी गोष्ट तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते लोक शेवटपर्यंत पॉवर ठेवून येतात.

हळू उडताना तेवढीच लिफ्ट काढायला पंख जास्त कोनात धरावा लागतो आणि त्या लिफ्टची किंमत म्हणून जी ओढ लागते, इंड्यूस्ड ड्रॅग, ती वेगाच्या वर्गाच्या उलट वाढते. वेग अर्धा केला की ती चौपट. म्हणून एका ठराविक वेगाच्या खाली गेलास की अजून हळू जायला थ्रॉटल वाढवावं लागतं. पुस्तकात तो आलेख तू काढला असशील, पण कॉकपिटमध्ये त्याचा अर्थ असा होतो की विमान खाली बसतंय म्हणून स्टिक ओढलीस तर ते अजून जोरात बसतं. तिथे उंची थ्रॉटलने धरायची आणि वेग स्टिकने. आणि त्या भागात प्रॉपची हवा मधल्या पंखावर आणि शेपटीवर सतत मारत असते, तिच्यावरही थोडं वजन तोललेलं असतं, मग शेवटच्या दहा फुटांत कुणी घाबरून थ्रॉटल बंद केलं की विमान दगडासारखं खाली येतं. चाकं टेकेपर्यंत पॉवर काढायची नाही, हे शिकायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

प्रश्न (कॅलगरी): माझ्याकडेही ९१२ यूएलएस आहे, ग्राउंड अ‍ॅडजस्टेबल प्रॉप. धाव कमी करायला पिच (पात्यांचा कोन) किती ठेवू?

उत्तर: आकडा सांगणार नाही, तुमचा प्रॉप तुम्हाला आरपीएमवर सांगेल. या इंजिनला ५,८०० आरपीएम फक्त पाच मिनिटं आणि ५,५०० सतत चालतात. पिच बारीक केला की जागेवरच आरपीएम वर जातात आणि हळू वेगाला खेच वाढते, क्रूझ मात्र पडतो आणि सपाट उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला इंजिन मर्यादा ओलांडू शकतं, तिथे हात आवरायचा. अर्ध्या अंशाने बदला, एकदा उडून बघा, मग पुढचा अर्धा अंश. सगळी पाती एकमेकांशी डिजिटल मापाने जुळवा, एखादं जरी वेगळं राहिलं तरी विमान थरथरतं आणि गिअरबॉक्सला मार बसतो. हळू चढताना कूलिंगची हवा कमी मिळते, तेव्हा तेलाचं आणि कूलंटचं तापमान आधीपेक्षा जास्त वेळा बघायची सवय लावून घ्या.

प्रश्न (सिएटल): काका, मी विमानातलं काही जाणत नाही. माझे मिस्टर दोन वर्षं गॅरेजमध्ये विमान बांधत होते, आता ते उडवतात आणि मला अभिमानाने सांगतात की माझं विमान ३५ मैलांनाही उडतं. गाडीपेक्षा हळू, मग भीती कसली असं त्यांचं म्हणणं. मला झोप लागत नाही. खरंच सुरक्षित आहे का?

उत्तर: ताई, तुमची काळजी अगदी बरोबर जागी आहे आणि त्यांचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे. हळू उतरणाऱ्या विमानाला काही आदळलंच तर ऊर्जा कमी असते, लोक वाचतात. धोका आदळण्यात कमी आणि वळण्यात जास्त आहे.

३५ हा आकडा सरळ उडतानाचा. विमान ४५ अंश कलवून उंची न सोडता वळवलं तर स्टॉलचा वेग १९ टक्के वाढतो, म्हणजे ४१ च्या वर. ६० अंश कलवलं तर ४१ टक्के, म्हणजे ५० च्या जवळ. ज्याला ३५ ची सवय लागली तो ताशी ४५ मैलांना निवांत वळतो, वळण घट्ट झालं की पंख तिथेच सोडून देतो, आणि जमिनीच्या जवळ असेल तर सावरायला उंची नसते. अलास्कात याला मूस स्टॉल म्हणतात. मूस म्हणजे तिकडचं मोठं हरीण. खाली मूस दिसलं म्हणून पायलट त्याच्याभोवती खालून घिरट्या घालतो, नजर जनावरावर, वळण घट्ट होत जातं, आणि विमान पडतं. अनुभवी माणसंही अशी गेलीत.

दुसरी गोष्ट वारा. ३५ मैलांनी उडणाऱ्या विमानाला दहा मैलांचा झटका म्हणजे त्याच्या वेगाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त. माइक पेटी यांचं ड्रॅको नावाचं विमान होतं, विल्गा नावाच्या विमानाला टर्बाइन बसवून आणि पंख वाढवून केलेलं, या सगळ्या जगात त्याच्याएवढं मेहनतीने सुधारलेलं विमान क्वचितच झालं असेल. २०१९ च्या सप्टेंबरात रीनोला टेकऑफ करताना आडव्या वाऱ्याच्या झटक्याने ते कोसळलं. आतले तिघंही सुखरूप बाहेर आले. पेटींनी नंतर स्वतःच सांगितलं की त्या वाऱ्यात निघायलाच नको होतं.

म्हणून तुम्ही त्यांना उडू नका असं म्हणू नका, ते ऐकणार नाहीत आणि मलाही ते योग्य वाटत नाही. त्यांना एवढंच विचारा. खांद्यांवरून येणारे पट्टे लावलेत का, नुसता कमरेचा नाही ना. अँगल ऑफ अटॅक (पंखाचा हवेशी कोन) दाखवणारं यंत्र बसवलंय का, ते पंख कधी सोडणार हे वेगापेक्षा खरं सांगतं, वळणातसुद्धा. ४०६ मेगाहर्ट्झचा इमर्जन्सी बीकन आहे का आणि त्याच्या रजिस्ट्रेशनमध्ये तुमचा फोन नंबर आहे का. आणि वारा किती झाला की जायचं नाही हा आकडा ठरवून फ्रिजवर लावलाय का. तो आकडा ठरवताना तुम्ही शेजारी बसा. ज्या दिवशी वारा त्याच्या वर असेल त्या दिवशी तुम्ही दोघं मिळून ठरवलेलं आहे, वाद घालायची वेळ येत नाही.

प्रश्न (अँकरेज): पायपरच्या सुपर कब विमानाच्या धर्तीवर किटमधून बांधलेलं विमान आहे. ३१ इंचाची टायर, लांब केलेला लँडिंग गिअर (चाकांचे पाय), व्हीजी, सगळं केलं. तरी स्टॉलला दर वेळी उजवा पंख पडतो. व्हीजी वाढवू का?

उत्तर: नको, व्हीजीला हातच लावू नका. दर वेळी एकच पंख पडतोय म्हणजे हे रिगिंग (पंखांची जुळणी) आहे, किंवा सवय आहे, किंवा पेट्रोल आहे. आधी सोपं बघा. दोन्ही टाक्या सारख्या आहेत का? विमान बाजूला घसरतंय का हे दाखवणारा बॉल मध्ये आहे का? हळू वेगात पूर्ण पॉवरला विमान डावीकडे ओढतं, उजवा रडर लागतो, तो कमी पडला किंवा जास्त दिला तर पंख पडणारच. पॉवर बंद ठेवून स्टॉल करून बघा, तेव्हाही उजवाच पडला तर हँगरमध्ये चला.

विमान लेव्हल करा, दोन्ही पंखांच्या मुळाशी आणि स्ट्रटच्या (पंखाला खालून आधार देणाऱ्या दांडीच्या) बाहेरच्या बाजूला सारख्याच रिबखाली सरळ पट्टी धरा आणि डिजिटल लेव्हलने कोन मोजा. टोकाचा कोन मुळापेक्षा कमी असतो, तो वॉशआउट, त्यानेच टोक शेवटपर्यंत उडत राहतं. उजवीकडे वॉशआउट कमी निघाला तर कारण सापडलं. कबमध्ये मागच्या लिफ्ट स्ट्रटच्या खालच्या टोकाला आट्यांचा फोर्क असतो, तो फिरवून हा कोन बदलतात. अर्धा फेरा द्या, उडा, परत मोजा. पण फोर्क बाहेर काढताना आटे आत किती उरले ते बघितल्याशिवाय विमान बाहेर काढू नका. पायपरच्या स्ट्रटमध्ये आतून गंज चढणं आणि फोर्कला तडे जाणं यावर एफएएने सर्टिफाइड विमानांसाठी सक्तीची तपासणी लावलेली आहे. तुमचं एक्सपेरिमेंटल असल्याने ती कागदावर तुम्हाला लागू नसेल, धातूला मात्र ते माहीत नसतं. स्ट्रट जुन्या विमानावरून आणले असतील तर आधी तेच तपासा. मग फ्लॅप. पूर्ण खाली घेऊन दोन्हीकडचा कोन मोजा, केबल ताणल्यामुळे एक-दोन अंशांचा फरक सहज निघतो आणि तेवढा पुरतो.

मोठ्या टायरबद्दल तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. टेलव्हील विमान तीन चाकांवर उभं असताना पंखाचा जो कोन होतो, त्याच्या पुढे जमिनीवर जाताच येत नाही, शेपटी आधी टेकते. व्हीजीने पंख त्याच्यापेक्षा जास्त कोन झेलायला लागला तरी तो वापरायला गिअर उंच लागतो, म्हणून तुमचा लांब गिअर आणि ३१ इंची टायर बरोबर आहेत. पण टायर मोठं झालं की तोच ब्रेक कमी पकडतो, आणि कुणी मोठे ब्रेक बसवले तर नाकावर उलटायची भीती वाढते. दोन्ही बदल एकाच आठवड्यात करू नका.

प्रश्न (ठाणे): हे सगळं भारतात करता येईल का? मला स्वतःचं विमान बांधायचंय.

उत्तर: येईल, पण धीर खूप लागेल. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये डीजीसीएकडे नोंदणी झाली आणि उडायचा परवाना मिळाला २०१९ मध्ये. हातातलं काम आणि फाइलीतलं काम दोन्ही त्या माणसाने सोडलं नाही, मला त्याचं फार कौतुक आहे.

आज ठाण्यात बसून काय करता येईल तर दोन मीटर पंखाचं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान बांधा, फोमचं चालेल. त्याचं वजन करा, सीजी मोजा, स्टॉलचा वेग बाहेरून व्हिडिओवर काढा. मग तेच वजन १० टक्क्यांनी वाढवून परत उडवा, सीजी थोडा मागेपुढे करून उडवा, वॉशआउट बदलून पंख कुठला पडतो ते बघा. लोकरीऐवजी बारीक रेशमाचा दोरा वापरा. व्हीजीचे निष्कर्ष मात्र मॉडेलवरून मोठ्या विमानाला लावू नका, एवढ्या छोट्या पंखावर हवा वेगळी वागते, बाकीचं बरंचसं कामाला येईल. प्रत्येक उड्डाणाला एकच बदल, आणि वहीत तारीख, वजन, सीजी, वारा असे चार रकाने आखून घ्या.